चर्चच्या पंचांना शिकवणार कोण?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अनेक खेड्यांत एकाच पाळकाकडे दोन-तीन मंडळ्या असतात. पाळकसाहेब दुसऱ्या गावी उपासनेला गेले, की इथे शाळेतले गुरुजी शास्त्रपाठ वाचतात, कुणीतरी पेटी पुढे ओढून गीत सुरू करतं. उपासना संपल्यावर दानाची थैली टेबलावर रिकामी होते, दोघेजण पैसे मोजतात आणि वहीत सह्या करतात. मंडळी चालते ती अशा माणसांच्या जिवावर. या कामाचं रीतसर शिक्षण मात्र त्यांना क्वचितच मिळतं.

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांची निवडणूक होते, हार घातले जातात, आणि नवा पंच थेट कामाला लागतो. त्याच्या हाती नुसती दानपेटी नसते. मिशनच्या काळातल्या जमिनी, शाळा, दफनभूमीही असते. चर्चचा न्यास नोंदलेला असेल, तर १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होतो. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. जमीन विकायची, तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी घ्यायची. हे ठाऊक नसेल, तर अगदी सचोटीचा खजिनदारही मंडळीला वर्षानुवर्षं कोर्टात अडकवू शकतो.

कॅथलिकांकडेही वेगळी स्थिती नाही. १९८३ च्या धर्मसंहितेने प्रत्येक धर्मग्रामात अर्थ समिती सक्तीची केली. प्रापंचिकांच्या, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य श्रद्धावंतांच्या, कार्यावर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच स्वतंत्र आदेश काढला होता. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये वाचक आणि वेदीसेवक ही पदं स्त्रियांना खुली केली, धर्मशिक्षकाच्या सेवेला अधिकृत दर्जा दिला. अधिकार मिळाले, त्यांच्या जोडीने शिक्षणही यायला हवं होतं.

‘मग सेमिनरीत जा’ हे उत्तर पुरेसं नाही. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, पण कांद्याची लागण सोडून काही वर्षं पुण्यात कोण राहील? ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीपुढे १९६३ मध्ये हाच पेच होता. तिथल्या शिक्षकांनी धडे घरी अभ्यासायला दिले आणि स्वतः ठरावीक दिवशी गावोगाव जाऊन शिकवलं. शेतकरी, दुकानदार आपापला धंदा सांभाळून शिकले. हीच पद्धत बंगळुरूच्या ‘टाफ्टी’ या संस्थेने १९७१ पासून भारतात रुजवली.

सामान्य माणसांच्या बळावर काम उभं करण्याची ही वाट मराठी मंडळीला परकी वाटायचं कारण नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारला, तो परदेशी पैशाच्या नव्हे, इथल्या माणसांच्या बळावर. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. दोनच वर्षांत टिळक गेले, आणि त्यांच्यामागे दरबाराला तो जोर राहिला नाही. पुढची फळी तयार करायला त्यांना वेळच मिळाला नव्हता. आजच्या बिशपांना आणि पाळकांना तो आहे.

तेव्हा प्रत्येक धर्मप्रांताने तालुक्याच्या गावी, मराठीतून, संध्याकाळचे वर्ग सुरू करावेत. बायबल कसं समजावून सांगायचं, रोजमेळ कसा लिहायचा, मयताच्या घरी काय बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, हे सगळं त्यात यावं. शिकवायला निवृत्त बँक अधिकारी, वकील, परिचारिका मंडळीतच सापडतील. पहिल्या तुकडीत निम्म्या तरी बायका असाव्यात. आजाऱ्याच्या घरी जाणं, घरप्रार्थना घेणं हे काम महिला मंडळ आताही करतंच. हिशेबाची वही आणि सहीचा अधिकार मात्र अजून बहुतेक ठिकाणी पुरुषांकडेच आहे.