खोड सांगून विका
घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात म्हैस घेणारा आधी तिचे दात पाहतो, मग कास चाचपतो. सायकलच्या जुन्या सामानाचं वय असं कळत नाही; तिथं विकणाऱ्यानंच खोड सांगायला हवी. चेन पट्टीवर धरा: 24 कड्या 12 इंचांत बसतात. त्याच कड्या 1/16 इंच वाढल्या की चेन झिजली, ती फ्रीव्हीलचे दातेही खाते. हे घेणाऱ्यासमोर मोजून दाखवावं. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची चीर तर रंगाखाली केसाएवढी असते, नखाला जेमतेम लागते. उतारावर तो तुटला तर तो घेणाऱ्या आपल्याच सोबत्याचं तोंड फुटतं. परवा मी माझा जुना चिमटा विकायला काढला होता. पुसताना नख अडकलं. करवतीनं दोन तुकडे केले आणि भंगारात दिला.