रविवारच्या जेवणातील अर्धी वाटी

गेल्या हिवाळ्यातील एक रविवार. मामांच्या अठ्ठ्याहत्तराव्या वाढदिवसानिमित्त आम्ही सारे गच्चीवर जेवायला बसलो होतो. मामांच्या जावयांनी वाइनची एक उंची बाटली आणली होती. कौतुकाने भरलेला पेला मामांसमोर आला, गप्पांत तो संपलाही. जेवण आटोपून मामा उठले आणि त्यांचा तोल गेला. जावयांनी वेळीच सावरले म्हणून हाड मोडले नाही. मामा रोज सकाळी रक्तदाबाची आणि प्रोस्टेटची अशा दोन गोळ्या घेतात. त्या दोन्हींनी रक्तदाब उतरतो आणि वाइननेही उतरतो, हे मागाहून ध्यानात आले. बाटलीची किंमत सर्वांनी विचारली होती. गोळ्यांची चौकशी कोणीही केली नव्हती.

वाचकहो, आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले आहे. त्यामुळे जे घेत नाहीत त्यांनी हृदयासाठी म्हणून वाइन सुरू करू नये. यकृताचा विकार, स्मृतिभ्रंश, वारंवार पडणे किंवा पूर्वीचे व्यसन असेल, तर ती वर्ज्यच समजावी. पुढील विवेचन आहे ते ज्या घरांत सणासुदीला वाइन येतेच, त्यांच्यासाठी.

वयाबरोबर शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते. त्यामुळे तरुणपणी सोसलेला पेला सत्तरीत अधिक चढतो. झोपेच्या गोळ्यांबरोबर गुंगी वाढते. रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो. मेट्रोनिडाझोल हे औषध चालू असताना, आणि ते संपल्यावरही तीन दिवस, वाइन टाळावी. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर काही तासांनीही एकाएकी उतरू शकते. घाम, थरथर, अडखळते बोलणे ही तिची लक्षणे. ‘थोडी चढली असेल, झोपू द्या,’ असे म्हणून त्यांकडे दुर्लक्ष होते. शुश्रूषा करणाऱ्यांनी अशा वेळी प्रथम साखर तपासावी. म्हणून आधी डॉक्टरांना गोळ्यांची यादी दाखवावी आणि मगच दुकानाची पायरी चढावी.

आता निवडीविषयी. किंमत हा वाइन सौम्य असल्याचा पुरावा नव्हे. परदेशी बाटलीच्या किमतीत आयात शुल्काचा वाटा मोठा असतो. दुपारच्या साध्या जेवणाला आपल्या नाशिक परिसरातील वाइन पुरेशी होते. बाटलीवरील मद्यांशाचा आकडा आधी वाचावा. तो बहुधा ११ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान असतो; त्यांत कमी असलेला निवडावा. ‘ड्राय’ असे लिहिले असेल तर साखर कमी. ‘लेट हार्वेस्ट’ किंवा ‘डेझर्ट’ वाइन गोड असते. मधुमेह्यांनी ती टाळलेली बरी. शक्य तर ३७५ मिलिलिटरची अर्धी बाटली घ्यावी. खर्च कमी होतो आणि ‘उरली आहे, संपवून टाका’ हा आग्रहही टळतो. फिरकीचे झाकण असेल तर संधिवाताच्या हातांनाही ते उघडता येते, आणि उरलेली वाइन घट्ट बंद करून शीतकपाटात दोन-तीन दिवस टिकते.

आपल्या तिखटाशी जड, तुरट लाल वाइन जुळत नाही. जिभेची जळजळ वाढते. कोथिंबीर वडी किंवा तळलेल्या मासळीबरोबर सॉव्हिन्यों ब्लाँ रुचते. पाटवडीच्या रश्श्याला किंचित गोडसर शेनिन ब्लाँ सावरून घेते. मात्र ती घेताना मधुमेह्यांनी साखरेचा विचार करावा. दोन्ही पांढऱ्या वाइन चांगल्या गार करूनच वाढाव्यात.

प्रमाणासाठी आपली वाटीच उत्तम. घरातील मध्यम वाटीत सुमारे १५० मिलिलिटर मावते. ज्येष्ठांसाठी अर्धी वाटी वाइन पेल्यात ओतून तिच्यात तितकाच गार सोडा मिसळावा. १२ टक्क्यांच्या वाइनमध्ये इतक्यात सुमारे ७ ग्रॅम मद्यार्क येतो. दुसरी वाटी नको. पहिला घास पोटात गेल्यावरच घोट घ्यावा, शेजारी पाण्याचा तांब्या असावा, उठताना क्षणभर बसून मग आधाराने उभे राहावे. त्या दिवशी गाडी चालवू नये.

यंदा मामांच्या वाढदिवसापूर्वी त्यांच्या लेकीने डॉक्टरांना विचारले. त्यांनी नको म्हटले. मामा थोडे खट्टू झाले. “म्हणजे आता मी वेगळा बसायचा का?” एवढेच त्यांनी विचारले. तो प्रश्न आम्हा सर्वांना लागला. मग त्याच काचेच्या पेल्यांत सर्वांसाठी कोकम सरबत ओतले. जावयांनीही तेच घेतले. जेवण तीन वाजेपर्यंत रंगले आणि मामा स्वतःच्या पायांनी जिना उतरून खाली गेले.