टॅब पुस्तकाच्या जागी, लॅपटॉपच्या नव्हे

पूर्णा आणि नांदेड यांच्या मधल्या चुडाव्यासारख्या गावात दहावी-बारावीचा निकाल लागला की बऱ्याच घरांत एकच विषय निघतो. लेकराला पुढं शिकवायचं, तर कोणतं यंत्र घेऊन द्यायचं? पैसे एकाच वस्तूपुरते असतात. दुकानात उत्तर तयार असतं : टॅब घ्या, त्यात लॅपटॉपही आला आणि मोबाईलही आला. हे उत्तर चुकीचं आहे, आणि त्याची किंमत गावाकडच्याच मुलांना मोजावी लागते, असं माझं ठाम मत आहे. टॅब वाईट नाही. त्याला ज्यांच्या जागी बसवलं जातं, ती जागा त्याची नाही.

आधी समोरच्या बाजूचं म्हणणं नीट मांडू, कारण त्यात दम आहे. दहा-पंधरा हजारांत बरा टॅब मिळतो. तेवढ्यात नवा, चांगला लॅपटॉप येत नाही. भारनियमनात टॅब बराच वेळ तग धरतो आणि साध्या पॉवर बँकेवरही चार्ज होतो. कीबोर्ड वेगळा जोडता येतो. सिमची सोय असलेला घेतला, तर फोनही लावता येतो. आणि आता सगळी कामं ऑनलाईनच होतात, मग आत विंडोज असो की अँड्रॉइड, काय फरक पडतो?

टॅब दुसऱ्या यंत्राची जागा घेईल, हा दावा बराच जुना आहे, पण सुरुवात तशी नव्हती. जानेवारी २०१०मध्ये ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी आयपॅड दाखवला, तेव्हा त्यांनी तो फोन आणि लॅपटॉप यांच्या मधलं तिसरं साधन म्हणून मांडला होता. दुसऱ्याची जागा घेण्याची भाषा नंतर आली. २०१४मध्ये मायक्रोसॉफ्टने सरफेस प्रो ३ विकायला काढला तो लॅपटॉपची जागा घेणारा टॅबलेट म्हणूनच. पण त्याच्या आत पूर्ण विंडोज होतं, कीबोर्ड वेगळा विकत घ्यावा लागे आणि किंमत चांगल्या लॅपटॉपएवढी होती. म्हणजे लॅपटॉपची जागा घ्यायला टॅबला लॅपटॉपच व्हावं लागलं. पुढच्याच वर्षी ॲपलचे टिम कुक यांनी, आता लोक पीसी कशाला घेतील, असा सवाल केला. पण आयपॅडची ॲप बनवण्यासाठी ॲपलचं जे मुख्य सॉफ्टवेअर लागतं, ते एक्सकोड आजही मॅक संगणकावरच चालतं.

आपल्या देशाने तर हा प्रयोग सरकारी पातळीवर करून पाहिला. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी 'आकाश' टॅबचं उद्घाटन केलं. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम. पडदा असा की बोट दाबून धरावं लागे. वर्षभरात त्याची सुधारित आवृत्ती आणावी लागली. स्वस्त यंत्र हाती देणं आणि त्या यंत्रावर काम होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच दिसलं होतं.

आता एकेक मुद्दा घेऊ. कीबोर्ड जोडता येतो, हे खरं. पण कीबोर्ड जोडला म्हणून सॉफ्टवेअर बदलत नाही. नांदेडच्या बाजारात आडतीवर, कृषी सेवा केंद्रात हिशेबनिसाची नोकरी हवी असेल तर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर यावं लागतं, आणि टॅली प्राइम बसवायला विंडोजचा संगणक लागतो. एक्सेलचं टॅबवरचं ॲप मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, चालवत नाही. सरकारी लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचा टंकलेखनाचा वेग लागतो. तो वेग काचेवर बोटं फिरवून येत नाही. त्याला खऱ्या कळा, ठरलेला कीबोर्ड आणि रोजचा सराव लागतो. खुरप्याने निंदणी होते, नांगरट होत नाही.

सगळं ऑनलाईनच होतं, हा मुद्दाही अर्धाच खरा. प्रवेशाचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज टॅबवर उघडतो. पण फोटो इतक्या केबीत, सही तितक्या केबीत, पाच कागद जोडून एक पीडीएफ, हे करता करता पोरं थकतात आणि शेवटी ऑनलाईन सेंटरवर जाऊन पैसे मोजतात. तिथल्या टेबलावर काय असतं? संगणक, कीबोर्ड आणि माउस. ज्याच्या हातात ते साधन आहे, तो कमावतो; ज्याच्या हातात फक्त पडदा आहे, तो रांगेत उभा राहतो. एमएचटी-सीईटी आणि जेईई मेनसुद्धा परीक्षा केंद्रावरच्या संगणकावर माउस धरून द्याव्या लागतात. वर्षभर केवळ बोटाने सराव केलेल्या मुलाला त्या तीन तासांत माउसही नवा आणि दडपणही नवं.

राहिला मोबाईल. त्याच्या जागीही टॅब बसत नाही, कारण मोबाईल ही आता घराची ओळख झाली आहे. आधारचा ओटीपी त्या नंबरवर येतो. यूपीआयची नोंदणी होताना त्याच यंत्रातल्या सिमवरून संदेश जातो; केवळ वायफायवर चालणाऱ्या टॅबमध्ये ती होणारच नाही. सिम टॅबमध्ये घातलं, तर पोरगा टॅब घेऊन क्लासला नांदेडला गेल्यावर बाप खताच्या दुकानात पैसे कशाने देणार? २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्याने आपल्या पिकाची ॲपवर नोंद करणं, सुरू झाली. त्यासाठी बांधावर उभं राहून, लोकेशन चालू ठेवून पिकाचा फोटो काढावा लागतो. भर उन्हात दहा इंची पाटी सांभाळत ते करण्यापेक्षा खिशातला फोन शंभर पटीने सोयीचा.

मोबाईलवर सगळं होतं, असं मानणाऱ्यांनाही इथेच उत्तर द्यायला हवं. ऑगस्ट २०२१मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले. फोन कामाचा भार पेलत नाही, नोंदी भरायचं पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. साधन आधी ठरवलं आणि काम नंतर त्यावर लादलं, की असंच होतं.

मग टॅब कशाला? इथे मी त्याची बाजू पूर्ण ताकदीने मांडेन. टॅब पुस्तकाची आणि वहीची जागा घेतो, आणि ती जागा फार मोठी आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. मोबाईलवर त्यांचं एक पान वाचायला दहा वेळा चिमटीने मोठं करावं लागतं. दहा इंची टॅबवर ते पान जवळजवळ पूर्ण दिसतं. विज्ञानाची आकृती, भूगोलाचा नकाशा, फळ्यावरची गणिताची पायरी, सगळं वाचता येतं. मुंबई महापालिकेने २०१५मध्ये आठवीच्या मुलांना टॅब दिले, ते दप्तराचं ओझं कमी करण्यासाठी. तो विचार योग्य जागी होता. 'महाज्योती' संस्था इतर मागासवर्गीय, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना सीईटी, जेईई, नीटच्या ऑनलाईन शिकवणीसाठी टॅब आणि रोजचा ६ जीबी डेटा देते. मोठ्या शहरात खोली करून राहणं ज्यांना परवडत नाही, त्यांच्यापर्यंत शिकवणी पोचवणारी ही योजना मला मोलाची वाटते. व्याख्यान पाहणं, पुस्तक वाचणं, प्रश्न सोडवणं हे टॅबचं काम, आणि तिथे त्याचा हात धरणारं दुसरं साधन नाही.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. घरात मोबाईल आहेच, तो घराचाच राहू द्या. मूल आठवी ते बारावीत असेल आणि वाचन-शिकवणी एवढीच गरज असेल, तर टॅब घ्या. बारावीनंतर अभियांत्रिकी, वाणिज्य, पदविका किंवा स्पर्धा परीक्षा असेल, तर नव्या टॅबच्या पैशात खात्रीच्या माणसाकडून जुना लॅपटॉप किंवा डेस्कटॉप घ्या. दिसायला तो साधा असेल, पण त्यावर हात बसेल.

आणि जे एका घराला जमत नाही, ते गावाने करावं. टॅब वाटून सरकारची जबाबदारी संपत नाही. ज्या गावात टॅब जातात, त्या गावाच्या शाळेत किंवा वाचनालयात कीबोर्ड-माउस असलेले चार संगणक संध्याकाळी मुलांसाठी खुले हवेत. तिथे टंकलेखनाचा सराव व्हावा, सीईटीच्या सराव परीक्षा माउसवर द्याव्यात, आपला अर्ज आपणच भरावा. शाळेला संगणक मिळाले असतील आणि ते कुलपात असतील, तर ग्रामसभेत उभं राहून कुलूप काढायला लावावं. शहरातलं मूल दोन्ही साधनं हाताळत वाढतं. चुडाव्याच्या मुलाला पाहण्याचं साधन देऊन घडवण्याचं साधन नाकारणं हा अन्याय आहे, आणि तो स्वस्ताईच्या नावाखाली आपण चालू देता कामा नये.