मार्गदर्शक की केवळ स्वाक्षरीकर्ते?

जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मान्यता दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट ठरले. संकल्प स्वागतार्ह आहे. परंतु पाण्याचे विघटन करणारी यंत्रे विकसित करणारे, त्यांतील महागड्या उत्प्रेरकांना पर्याय शोधणारे संशोधक कोठून येणार? ते निविदा काढून मिळत नाहीत. गुरूच्या नजरेखाली, प्रयोगशाळेतच घडतात.

आणि हा गुरूच आज दुर्मीळ होत आहे. अनेक विद्यार्थ्यांना मार्गदर्शक भेटतो तो स्वाक्षरीपुरता! प्रबंधाच्या शीर्षकात 'हरित' शब्द झळकतो. द्रावके मात्र सर्रास मोरीत ओतली जातात. रॉजर शेल्डन यांनी १९९२ साली साधा हिशेब मांडला : एक किलो उत्पादनामागे किती किलो टाकाऊ पदार्थ निर्माण होतो? औषधनिर्मितीत हा आकडा २५ ते १०० किलो, क्वचित त्याहूनही अधिक निघाला. विद्यार्थ्याच्या वहीत हा हिशेब कोण मांडून घेतो? मोजले जातात ते शोधनिबंध.

आपली परंपरा अशी नव्हती. आचार्य प्रफुल्लचंद्र राय विद्यार्थ्यांच्या सहवासात, विज्ञान महाविद्यालयातील साध्या खोलीत राहत. १९२१ मध्ये, साठाव्या वर्षी, त्यांनी आपले पुढील सर्व वेतन कलकत्ता विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाला अर्पण केले. त्यांचे शिष्य ज्ञानचंद्र घोष पुढे खरगपूरच्या आयआयटीचे पहिले संचालक झाले. मुंबईत यूडीसीटीमध्ये प्रा. मनमोहन शर्मा यांच्या हाताखाली डॉ. रघुनाथ माशेलकर घडले; हळदीच्या अमेरिकी पेटंटविरुद्धचा लढा १९९७ साली जिंकणारे तेच माशेलकर. परदेशी पदवीची मोहिनी पडलेल्यांनी ध्यानात घ्यावे, ही डॉक्टरेट मुंबईची आहे.

संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली, हे खरे. ती दरमहा हाती पडत नाही, ही विद्यार्थ्यांची जुनी तक्रार आहे. घरून पैसे मागवून कोणी किती काळ संशोधन करावे? वेतन आयोगाचा लाभ नियमित घेणाऱ्या प्राध्यापकवर्गाने या प्रश्नावर आवाज उठविल्याचे क्वचितच दिसते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने बढतीचे निकष बदलावेत. शोधनिबंधांच्या संख्येइतकेच वजन 'तुमचे विद्यार्थी आज कोठे आहेत, काय करीत आहेत' या प्रश्नाच्या उत्तरास द्यावे आणि ते उत्तर विद्यार्थ्यांकडूनच घ्यावे.