कास्टिंगचा नंबर आणि खुब्याचा नंबर

‘पंचतारांकित’ हा शब्द कागल परिसरातील माणसाला हॉटेलामुळे नव्हे, तर एमआयडीसीमुळे ठाऊक झाला. पुणे-बेंगळुरू महामार्गालगत कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांत पसरलेल्या या वसाहतीत किर्लोस्करांची इंजिने बनतात, रेमंडचे सुती कापड विणले जाते आणि कोल्हापूरची ओळख असलेल्या फौंड्रीच्या व यंत्रकामाच्या धंद्यालाही येथे जागा मिळाली आहे. अशा वसाहतीच्या आसपास वाढलेल्या मुलाला नोकरी म्हणजे शिफ्ट, गेटपास आणि कँटीन असे वाटले तर त्यात नवल नाही. परंतु कायम नोकरीची दारे पूर्वीसारखी उघडी राहिलेली नाहीत. ठेकेदाराकडे दोन-तीन वर्षे काढलेला पदवीधर किंवा पदविकाधारक मुलगा एके दिवशी घरी येऊन सांगतो, ‘मी मेडिकलच्या लाइनमध्ये जातोय, उपकरणे विकायला.’ आईवडिलांना यातले नेमके काय समजावे, हा आजचा विषय आहे.

गोळ्या-औषधांचा एम.आर. आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. दवाखान्याच्या बाकावर रुग्णांबरोबर बसलेला, टाय बांधलेला, हातात जड बॅग. उपकरणे विकणारा प्रतिनिधी त्याचा चुलतभाऊ म्हणता येईल. पण त्याचे काम निराळे आहे. औषधाचा प्रतिनिधी डॉक्टरांना माहिती देऊन बाहेर पडतो. हाडांच्या शस्त्रक्रियेतील प्लेट, स्क्रू, गुडघ्याचे किंवा खुब्याचे सांधे विकणारा माणूस मात्र अनेकदा ऑपरेशन थिएटरच्या आत उभा असतो. अपघाताचा रुग्ण रात्री अकराला दाखल झाला की त्याचा फोन वाजतो. मापांप्रमाणे लावलेला संपूर्ण सेट रुग्णालयात पोचवायचा, तो निर्जंतुक होईपर्यंत थांबायचे, शस्त्रक्रिया चालू असताना कोणत्या मापाला कोणते हत्यार लागते ते परिचारिकेला सांगायचे आणि वापरलेल्या वस्तूंची नोंद करून उरलेला सेट परत न्यायचा, असा हा क्रम असतो. रुग्णाला हात लावायचा नाही आणि निर्णय डॉक्टरांचाच, ही त्यातील लक्ष्मणरेषा. क्ष-किरणांचे सी-आर्म यंत्र चालू असेल तर शिशाचा एप्रन अंगावर हवा, हेही या नोकरीतले पहिल्या आठवड्याचे शिक्षण.

या कामाला आपला भाग सोयीचा आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल उभे केले आणि त्या गावाची ओळखच वैद्यकनगरी अशी झाली. कोल्हापुरात सीपीआर आणि राजर्षी शाहू शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, महामार्गाने खाली उतरले की बेळगावचे केएलई रुग्णालय लागते. कागल या सर्वांच्या मधोमध. गाडीची टाकी भरली की एका दिवसात तीन शहरे होतात.

शिक्षण कोणते लागते? विज्ञान शाखेची पदवी, फार्मसी, अभियांत्रिकीची पदविका यांपैकी काहीही चालते. तंत्रशिक्षण मंडळाची मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सची पदविका किंवा बायोमेडिकल अभियांत्रिकीची पदवी असेल तर व्हेंटिलेटर, डायलिसिस, क्ष-किरण अशा यंत्रांकडे जाता येते. तेथे विक्रीइतकेच महत्त्व यंत्र बसवण्याला, दुरुस्तीला आणि सरकारी निविदेच्या कागदांना असते. बहुतेक मुलांची सुरुवात मात्र स्थानिक वितरकाकडे होते. पहिले काही महिने सेट उचलणे, मोजणे आणि पोचवणे. शरीररचना, निर्जंतुकीकरण आणि प्लॅस्टिकच्या हाडावर स्क्रू बसवण्याचा सराव हे मोठ्या कंपनीत रीतसर शिकवले जाते. वितरकाकडे ते वरिष्ठाच्या मागे उभे राहून शिकावे लागते.

नफ्याचे दिवस

या धंद्याला एक काळी बाजू होती, आणि ती पूर्ण गेली आहे असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटचे प्रकरण आठवून पाहा. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा सरासरी सव्वा लाखाच्या घरात विकला जाणारा औषधलेपित स्टेंट २९,६०० रुपयांवर आला, आणि पंचेचाळीस हजारांचा साधा स्टेंट ७,२६० रुपयांवर. रुग्णालयाच्या पातळीवरचा नफा काही बाबतींत सहाशे टक्क्यांहून अधिक होता, हे प्राधिकरणाच्याच आकडेवारीतून बाहेर आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्यांनाही मर्यादा लागली. एवढा नफा ज्या साखळीत वाटला जातो, तिच्यातील विक्रेत्याचे खरे कौशल्य वस्तूचे ज्ञान नसून वाटपाचे ज्ञान असते. मुलांना ‘टार्गेट’ दिले जात होते ते याच पैशाच्या जोरावर.

त्यानंतर चौकट बदलत गेली. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. जोखमीप्रमाणे उपकरणांचे चार वर्ग पडले: जीभ दाबायच्या पट्टीसारखी वस्तू खालच्या वर्गात, हाडाची प्लेट आणि व्हेंटिलेटर वरच्या, तर हृदयाची झडप सर्वांत वरच्या. १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली. २०२२ मधील दुरुस्तीने विक्रेत्यालाही एमडी-४२ हे नोंदणी प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि त्यासाठी दुकानात पदवीधर, नोंदणीकृत फार्मासिस्ट किंवा बारावीनंतर या विक्रीचा वर्षभराचा अनुभव असलेली व्यक्ती दाखवावी लागते. म्हणजे ज्याला कालपर्यंत ‘पोऱ्या’ म्हणत, त्याच्या पात्रतेला आता कायद्यात जागा आहे. २०२४ मध्ये केंद्राने उपकरणांच्या विपणनासाठी स्वतंत्र आचारसंहिता काढली आणि डॉक्टरांना भेटवस्तू देण्यास मनाई केली. तिला कायद्याचा धाक नाही, हे मान्य. पण ‘सगळेच करतात’ या उत्तराची सोय तरी कमी झाली. शिवाय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत प्रत्येक शस्त्रक्रियेचे पॅकेज ठरलेले असते. त्या पैशात वस्तू बसवायची तर रुग्णालय भाव पाहणारच.

फौंड्रीत शिकलेली गोष्ट

असे असले तरी या नोकरीचा खरा कस पैशात नाही. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डेप्यू कंपनीने ऑगस्ट २०१० मध्ये ‘एएसआर’ नावाचे खुब्याचे कृत्रिम सांधे जगभरातून परत मागवले. धातूवर धातू घासून त्याचे कण रक्तात आणि आसपासच्या पेशींत जात होते, अनेकांना दुसरी शस्त्रक्रिया करावी लागत होती. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये या प्रकरणी पोलिसांत तक्रार नोंदवली. केंद्राने २०१७ मध्ये समिती नेमली. भारतात असे सांधे सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत बसवले गेले होते. त्यातील बहुसंख्य रुग्णांचा पत्ताच लागला नाही. सांधा सदोष आहे हे जगाला कळले, पण तो कोणाच्या खुब्यात आहे हे कळेना.

आता कोल्हापूरच्या कोणत्याही जाणत्या फौंड्रीवाल्याला विचारा. भट्टीतून ओतलेल्या मालावर हीट नंबर असतो. उद्या गिऱ्हाइकाकडे एक कास्टिंग तडकले, तर त्या नंबरावरून त्या दिवशीचा धातू, त्याची तपासणी आणि त्याच हीटमधले बाकीचे नग कोठे गेले, हे शोधता येते. इंजिनाच्या सुट्या भागासाठी आपण जी शिस्त पाळतो, ती माणसाच्या खुब्यासाठी पाळली गेली नाही!

प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यात लॉट नंबरचे स्टिकर असतात. एक रुग्णाच्या केसपेपरवर लागावे, एक वितरकाच्या नोंदीत जावे आणि एक रुग्णाच्या हाती पडावे. हे घडते की नाही, ते पहाटे दोन वाजता थिएटरबाहेर उभ्या असलेल्या त्या पंचविशीतल्या मुलाच्या चिकाटीवर पुष्कळसे अवलंबून असते. ज्या मुलाने मायक्रोमीटर हाताळला आहे, ज्याला टॉलरन्सचा अर्थ माहीत आहे, नाकारलेला जॉब वेगळा ठेवायचा असतो हे ज्याच्या अंगवळणी पडले आहे, तो या कामाला कोऱ्या पाटीने येत नाही. मुलाखतीला जाताना कारखान्यातली वर्षे वाया गेली असे त्याने मुळीच समजू नये. उलट तीच सांगावीत.

तेव्हा घरात हा विषय निघाला की विरोध करण्याआधी चार प्रश्न विचारावेत. नेमणूकपत्र कोणाचे, कंपनीचे की वितरकाचे, आणि भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का? दुकानाकडे एमडी-४२ आहे का? रुग्णालयाची उधारी थकली तर ती मुलाच्या पगारातून वळती होणार का? आणि शिकवणार कोण, किती दिवस? मुलगी जाणार असेल तर रात्रीच्या फोनला जाण्यायेण्याची सोय कोणाची, हा पाचवा. पेट्रोलभत्ता आणि इन्सेंटिव्हचे आकडे नंतर ऐकावेत. ते महिन्यागणिक बदलतात.

सहावा प्रश्न आपल्या स्वतःसाठी. उद्या घरातल्या कोणाच्या मांडीत रॉड बसला, तर बिलाबरोबर त्याचे स्टिकर मागून घ्यावे आणि रेशनकार्डाच्या फाइलीत जपून ठेवावे. विकणाऱ्याने ते न मागता दिले, तर तो मुलगा धंदा नीट शिकला आहे असे समजायला हरकत नाही.