कुरतडलेली अक्षरे



या खेपेला आधी आमची चूक कबूल करतो. मागे आपल्या मंडळींच्या टेलिफोन नंबरांची यादी आम्ही काढली, आणि कागद वाचावा म्हणून अक्षर अगदी बारीक ठेवले. कॉपीवरून कॉपी काढताना एका काकींच्या नंबरातला इंग्रजी तीन शाईने बुजला आणि आठासारखा दिसू लागला. मलिद्याचे आमंत्रण द्यायला फोन केला तो भलत्याच घरी लागला, आणि गडबडीत काकी राहून गेल्या. पुढे भेटल्या तेव्हा एवढेच म्हणाल्या, "एकटं माणूस विसरायला सोपं असतं रे." आम्हाला मान वर करवेना.

मग थोडी माहिती काढली. अमेरिकेतल्या टेलिफोन बुकाचीही हीच अडचण होती. जाडजूड पुस्तक, स्वस्त कागद, भरधाव चालणारे छापखाने आणि अक्षर जेमतेम ६ पॉइंटचे! अशा कागदावर शाई पसरते. जिथे दोन रेघा मिळतात तो कोपरा आधी भरतो, आणि आकड्याचे तोंड बंद होते. १९३८ पासून या बुकांसाठी बेल गॉथिक नावाचा टाइप होता. पुढे अक्षरजुळणीची नवी, प्रकाशावर चालणारी यंत्रे आली, तेव्हा त्याच्या बारीक रेघा तुटक दिसू लागल्या. म्हणून एटी अँड टी कंपनीने मॅथ्यू कार्टर यांच्याकडून नवा टाइप करवून घेतला. तो १९७८ साली आला. त्याचे नाव बेल सेंटेनियल.

मुलांनो, हा टाइप मोठा करून पाहा. आमच्यातल्या एकाच्या नातवाने पाहिला आणि विचारले, "आजोबा, ही अक्षरं उंदराने कुरतडलीत का?" प्रश्न बरोबर होता! अक्षरांच्या कोपऱ्यांत खरोखरच खाचा आहेत. पण त्या मुद्दाम ठेवलेल्या. शाई पसरली की त्या खाचेत जाते, खाच भरते, आणि बारीक छापलेले अक्षर स्वच्छ दिसते. म्हणजे अक्षर थोडे अपुरे ठेवायचे आणि उरलेले काम शाईकडून करून घ्यायचे. २०११ साली न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने हा टाइप आपल्या संग्रहात घेतला.

आपल्या मराठीतही असे घडले आहे. जुन्या वळणाचा ख म्हणजे शेजारी शेजारी बसलेले र आणि व. वाण्याच्या यादीत 'रवा' लिहिले तर पोरं 'खा' वाचायची! म्हणून लिपीच्या सुधारणेत ख मधल्या र चे शेपूट खालून व ला जोडले गेले. दिसायला जरा वेगळे, पण घोटाळा मिटला. आजी-आजोबांनी नातवंडांना दोन्ही ख लिहून दाखवावेत.

आणि आपला शेमा तर सर्वांना पाठ आहे. सेफेर तोरामध्ये त्यातल्या 'एहाद' शब्दाचा शेवटचा दालेथ इतर अक्षरांपेक्षा मोठा लिहितात. दालेथ आणि रेश यांच्यात फरक तो काय, एका कोपऱ्याचा! पण दालेथचा रेश झाला तर 'एक'चा 'दुसरा' होतो. म्हणून वाचणाऱ्याची नजर तिथे अडावी, असे एक कारण जाणत्यांनी सांगितले आहे.

तेव्हा एखादे अक्षर वेडेवाकडे दिसले तर त्याला हसू नये. कुणाचे तरी वाचायचे चुकू नये म्हणून ते तसे झाले असेल. आमच्या यादीत मात्र कागद वाचला आणि माणूस राहिले.

नवी यादी आता मोठ्या अक्षरात काढतो आहोत. चार पाने जास्त लागतील, लागू देत. छापण्याआधी प्रत्येक घरी फोन करून नंबर ताडून घेणार आहोत. ज्यांना आमचा फोन येणार नाही त्यांनी संकोच न करता कळवावे. पहिला फोन काकींना केला. त्यांनी नंबर दोनदा सांगितला, आणि म्हणाल्या, "तीन हं, आठ नाही."