थिओ फेबरचं चुकलं कुठे?

'द सायलेंट पेशंट' ही ॲलेक्स मायकेलिडीस यांची कादंबरी २०१९ साली आली आणि जगभर खपली. मानसोपचाराच्या आपल्या क्षेत्रात मात्र तिचं नाव काढलं की कपाळाला आठ्या पडतात. गेल्या अंकात तिचं परीक्षण छापलं, त्यावर आलेल्या पत्रांतही हेच दिसतं. 'रात्रभर जागून वाचली आणि सकाळी स्वतःचीच लाज वाटली,' असं एका समुपदेशक बाईंनी मोकळेपणी लिहिलंय. बाकीच्यांनी जागरणाचा उल्लेख टाळलाय. पण शेवटच्या प्रकरणांचे तपशील त्यांच्या पत्रांत इतके बिनचूक आहेत, की डोळा त्यांचाही लागला नसणार.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रहस्य फोडावं लागणार, त्याला इलाज नाही. ॲलिशिया बेरेन्सन ही चित्रकार नवऱ्यावर पाच गोळ्या झाडते आणि त्यानंतर तोंडातून एक शब्द काढत नाही. तिला उत्तर लंडनमधल्या 'द ग्रोव्ह' या मनोरुग्णालयात ठेवलेलं असतं. काही वर्षांनी थिओ फेबर नावाचा मानसोपचारक तिथे मुद्दाम नोकरी धरतो, कारण तिला बोलतं करायचंच असा त्याने ध्यास घेतलेला असतो. तो तिची औषधं कमी करायला लावतो. तिच्या दिराला, नातलगांना, चित्रं विकणाऱ्या गॅलरीवाल्याला गाठून तिच्याबद्दल खोदून खोदून विचारतो. शेवटी कळतं, की थिओच्या बायकोचं ज्याच्याशी सूत जुळलं होतं तो ॲलिशियाचाच नवरा. त्या रात्री तिच्या घरात घुसून हे सगळं घडवून आणणारा माणूस म्हणजे तिचा हा 'उपचारक'.

पत्रांतले आक्षेप अपेक्षितच आहेत. पुण्याच्या एका चिकित्सा मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की रुग्णाच्या नातेवाइकांची दारं ठोठावणाऱ्या उपचारकाचं काम दुसऱ्या दिवशी थांबवायला हवं, आणि कादंबरीत मात्र ते हुशारीचं लक्षण म्हणून येतं. असं काही वाचल्यावर लोक समुपदेशकाकडे यायला धजावणार नाहीत, ही भीती तर बहुतेक सगळ्यांनीच व्यक्त केली आहे. नागपूरच्या एका ज्येष्ठ मानसोपचारतज्ज्ञांचा प्रश्न मला सगळ्यांत आवडला: इतकी वर्षं बाई बोलत नाही, तर कुणी एकदा लोराझेपामचं इंजेक्शन देऊन का पाहिलं नाही? रास्त आहे. कॅटाटोनियातली मुकी माणसं त्या औषधाने कधी कधी तासाभरात बोलू लागतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय. पण मग कादंबरी चाळिसाव्या पानावर संपली असती.

लेखक अडाणी होता म्हणून हे झालं, असंही म्हणता येत नाही. मायकेलिडीस यांनी स्वतः मानसोपचाराचं शिक्षण घेतलंय आणि तरुणांच्या एका मनोरुग्ण विभागात दोनेक वर्षं अर्धवेळ कामही केलंय. नियम कुठे मोडतोय हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

आपली ही तक्रार तशी जुनी आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अर्व्हिंग श्नायडर यांनी १९८७ साली पडद्यावरच्या मनोविकारतज्ज्ञांच्या तीन जाती सांगितल्या होत्या: वेडगळ, दुष्ट आणि अद्भुत. हिचकॉकच्या १९४५ सालच्या 'स्पेलबाउंड'ला सल्लागार म्हणून मे रॉम या मनोविश्लेषक बाईंचं नाव श्रेयनामावलीत आहे. या बाई निर्माते सेल्झनिक यांच्या स्वतःच्या उपचारक होत्या. म्हणजे पडद्यावरच्या मर्यादाभंगावर देखरेख ठेवायला पडद्यामागचा मर्यादाभंगच नेमला होता! आपल्याकडे २०१९ साली 'मेंटल है क्या' या हिंदी चित्रपटाच्या नावावर इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने सेन्सॉर बोर्डाकडे हरकत घेतली. नाव बदलून 'जजमेंटल है क्या' झालं आणि जुलैमध्ये चित्रपट लागला. नाव बदललं हे चांगलं झालं. पण त्यामुळे कुणाचं समुपदेशन सुधारलं, असं वाटत नाही.

ही सगळी पत्रं बरोबर घेऊनच मी गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनीला गेलो होतो. निमित्त होतं आशाताई आणि समुपदेशकांच्या प्रशिक्षणाचं. रोवणी आटोपली होती, त्यामुळे बायांना जरा सवड होती. गाव मुंबई-कोलकाता महामार्गावर. गोंदियाला जायचं तर कोहमाऱ्याला वळून गोरेगावमार्गे, नागपूरला जायचं तर साकोली, भंडारा पार करत. प्रादेशिक मनोरुग्णालय नागपुरात, १८६४ सालापासूनचं. तिथल्या चौकाला लोक आजही पागलखाना चौक म्हणतात. त्या चौकात उतरताना आपल्याला कुणी ओळखीचं पाहील या धास्तीनेच कितीतरी घरं आधी पुजाऱ्याकडे जातात.

जेवणाच्या सुट्टीत जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका शिक्षिकेने या कादंबरीचा विषय काढला. त्यांनी ती इंग्रजीतून वाचली होती. त्यांच्या शेजारच्या एकीने यूट्यूबवर हिंदीतून गोष्ट ऐकली होती. मग दोघींनी मिळून बाकीच्यांना ती सांगितली, आणि गावच्या मंडई-जत्रेतल्या रात्रीच्या नाटकाला रंग चढावा तसा रंग चढला. ॲलिशियाची 'अलिशा' झाली, ग्रोव्हचा 'पागलखाना' झाला. मी मुद्दाम गप्प बसलो होतो. पुण्याच्या पत्रातला आक्षेप इथे कधी येतो याची वाट पाहत होतो.

तो आलाच नाही. थिओ नातेवाइकांना भेटायला जातो त्या जागेवर एक आशाताई म्हणाल्या, "तं त्यानं घरच्यायले विचारलं, त्यात का चुकलं जी? न विचारता कसं समजंल?" सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाला 'भूल भुलैया' आठवला. त्यात अमेरिकेहून आलेला डॉक्टर सगळ्या घरादाराला हाताशी धरतो आणि आचार्यांच्या मदतीने पूजेचा देखावा उभा करून बाईला बरं करतो. तो डॉक्टर या बायांना एकदम पसंत होता. घरच्यांना विचारत नाही तो कसला डॉक्टर?

मग शेवट सांगून झाला. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मघाच्याच आशाताई म्हणाल्या, "मंग त्यानं पयलेच सांगाले पायजे होतं, का तो तिच्या नवऱ्याले ओळखते." आणि कोपऱ्यात बसलेल्या, वयाने मोठ्या असलेल्या एकीने विचारलं, "अन् तिले कोनी विचारलं का, तुह्या घरच्यायशी बोलू का म्हणून?"

हे दोन्ही प्रश्न आमच्याकडे आलेल्या एकाही पत्रात नव्हते.

शहरातल्या वाचकाला थिओने उंबरठा ओलांडला हे खटकतं, कारण त्याच्या मनातलं समुपदेशन म्हणजे बंद दार, दोन खुर्च्या आणि पन्नास मिनिटं. सडक अर्जुनीत ते दार मुळातच नाही. तिथे रुग्ण एकटा येत नाही. सोबत सासू असते, दीर असतो, कधी गावातला एखादा जाणता माणूस. एका सरकारी दवाखान्यात पाहिलेलं सांगतो. समुपदेशनाची खोली म्हणजे वजनकाट्याशेजारी पडदा लावलेला कोपरा. बाई स्टुलावर. मागे उभ्या असलेल्या जेठाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात सगळे कागद. समुपदेशक विचारते, "झोप लागते का?" जेठ सांगतो, "नाही लागत जी." "जेवण?" "थोडंसंच." बाई जमिनीकडे पाहत असते. सहा मिनिटांत केसपेपरवर निदान लिहिलं जातं. तो केसपेपर औषधाच्या खिडकीवर जातो आणि तिथून पुन्हा जेठाच्या पिशवीत. बाईचं काय झालंय हे संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला कळलेलं असतं. तिला स्वतःला ते कुणी सांगितलेलंच नसतं.

यात दुष्ट कुणी नाही. जेठ काळजीपोटी आलाय, समुपदेशक राब राब राबतेय. तरी ॲलिशियाच्या बाबतीत जे घडलं तेच इथे घडतंय. तिच्याविषयी सगळे बोलतात, सगळ्यांना विचारलं जातं, फक्त तिला विचारलं जात नाही. थिओचा गुन्हा तो दिराकडे गेला यात नव्हता. तिच्या नकळत गेला, आणि आपला त्यात काय संबंध आहे ते लपवून गेला, यात होता. कुटुंबाला बरोबर घेऊन काम करणं ही आपल्याकडच्या उपचाराची ताकद आहे आणि ती सोडू नये. प्रश्न परवानगीचा आहे.

कायद्याने याचा विचार केलेला आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, त्याच्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे आणि त्याचे अपवादही तिथेच दिलेत: नामनिर्देशित प्रतिनिधीला त्याचं कर्तव्य करता यावं म्हणून, उपचार करणाऱ्या इतर डॉक्टरांना, दुसऱ्या कुणाला इजा होऊ नये म्हणून, जिवाला धोका असेल तर, सक्षम न्यायालयाचा आदेश असेल तर. जेठ, सासू, सरपंच ही नावं त्या यादीत थेट येत नाहीत; प्रतिनिधी नेमलेलाच नसेल, तरच नातेवाइकाला प्रतिनिधी मानलं जातं. आणि हा प्रतिनिधी कोण, हे सज्ञान व्यक्तीने स्वतः ठरवायचं, असं कलम १४ सांगतं. त्यासाठी स्टँप पेपर लागत नाही. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा पुरतो. त्या पिशवीतल्या कागदांत हा एक कागद कितीदा सापडतो? मी जिथे जिथे विचारलं तिथे उत्तर एकच मिळालं: वेळ नसतो.

वेळ नसतो हे खरंच आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने वेगवेगळ्या विकारांतली उपचारांची तूट ७० ते ९२ टक्के असल्याचं सांगितलं. त्या सर्वेक्षणात शेजारचे छत्तीसगड आणि मध्य प्रदेश होते, महाराष्ट्र नव्हता. म्हणजे सीमेवरच्या देवरीच्या पलीकडे मोजमाप झालं, अलीकडे नाही. पण अलीकडचं चित्र फार वेगळं असेल असं मानायला काही आधार नाही. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे. पण त्या क्रमांकावर बोलायचं तरी फोन बहुतेक वेळा घरातल्या पुरुषाच्या खिशात.

कादंबरीतली आणखी एक गोष्ट पत्रलेखकांच्या नजरेतून सुटली आहे. थिओला रूथ नावाची जुनी उपचारक असते. तिच्याकडे तो जातो, बायकोबद्दल रडतो, पण खरं काय ते तिला कधीच सांगत नाही. लंडनमध्ये आरसा होता, त्याने त्यात पाहिलं नाही. सडक अर्जुनीतल्या समुपदेशकापाशी तर आरसाच नाही. महिनोन् महिने तिची सत्रं कुणी ऐकत नाही. एखाद्या रुग्णाचा राग येऊ लागला, एखाद्याची फारच कणव येऊ लागली, तर ती बोलणार कुणाशी? आकडे भरून पाठवले की वरिष्ठांचं काम संपतं. आपण ज्याला पर्यवेक्षण म्हणतो ते तिच्या वाट्याला तक्ता तपासण्यापुरतंच येतं.

गावात नीट समुपदेशन आणि पर्यवेक्षण अशक्य आहे असं म्हणायला मात्र जागा नाही. गोव्यात 'संगाथ' संस्थेने गावातल्याच, मानसोपचाराची पदवी-पदविका नसलेल्या समुपदेशकांना नैराश्यावरचा छोटा उपचार शिकवला. ते समुपदेशक सत्रांचं ध्वनिमुद्रण एकत्र बसून ऐकत आणि ठरलेल्या कसोट्यांवर एकमेकांना गुण देत. विदर्भातच, अमरावती जिल्ह्यात, 'विश्राम' प्रकल्पाने गावपातळीवर काम केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण तिथे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचं २०१७ साली 'लॅन्सेट सायकिॲट्री'त छापून आलं. हे काम शहरातल्या बंद दाराआड, कोचाशेजारी झालं नाही. गावातल्या माणसांनी गावातच ते केलं.

म्हणून कादंबरीच्या प्रकाशकाला निषेधाचं पत्र पाठवावं, ही दोन वाचकांनी केलेली सूचना मी बाजूला ठेवतो. लोक असली पुस्तकं वाचून आपल्याकडे येणं बंद करतील, हेही मला पटलेलं नाही. ज्या बायांनी ती गोष्ट ऐकली त्यांच्यापैकी एकीने नंतर मला विचारलं, तासभर नुसतं बोलायला खरंच मिळतं का आणि त्याचे पैसे पडतात का. खुनाबद्दल तिने काही विचारलं नाही.

त्याऐवजी एक काम करू. पहिल्या भेटीत रुग्णाला सांगायच्या चार-पाच वाक्यांचा मसुदा पुढच्या अंकात छापतो आहोत: मी कोण आहे, मी काय लिहून ठेवणार, ते कोण वाचू शकतं, तुमच्या घरच्यांपैकी कुणाशी बोलू आणि कुणाशी नको, आणि तुमच्या ओळखीतलं कुणी माझ्याही ओळखीचं निघालं तर ते मी तुम्हाला लगेच सांगेन. प्रमाण मराठीतला हा मसुदा वजनकाट्याशेजारच्या कोपऱ्यात चालणार नाही, याची कल्पना आहे. झाडीबोलीत, अहिराणीत, कोरकूत, देवरी-सालेकसाकडच्या गोंडीत तो कसा बोलला जाईल, ते त्या त्या भागातल्या कार्यकर्त्यांनी लिहून पाठवावं. सोबत मागे उभ्या असलेल्या जेठाला दहा मिनिटं बाहेर बसा असं न दुखावता कसं सांगता, तेही कळवावं. त्याचं उत्तर आमच्यापैकी कुणालाच नीट जमलेलं नाही.